कशावरून?

'१९७२ च्या दुष्काळातील आमचे गाव' हा माझा प्रकल्पाचा विषय. गाइडमधून चार पाने उतरवली. सरांनी समासात एकच शब्द लिहिला : 'कशावरून?' घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलेले नाही, विचारणार कुणाला? ग्रंथपालांनी १९७१ ची जिल्हा जनगणना पुस्तिका काढून दिली. गावची लोकसंख्या सापडली, मी हरखलो; पण ती शिरगणती दुष्काळाच्या आधीची! मित्रहो, पुस्तक हाती येताच आधी त्यातील माहितीचे साल पाहावे. दुष्काळापूर्वी गाव केवढे होते, एवढेच ती सांगते. मग आजीला विचारले. तिने दुष्काळी कामावर खडी फोडली होती, सुकडी खाल्ली होती. ते सारे तिच्याच शब्दांत उतरवले. मजुरीचा आकडा मात्र ती दर वेळी निराळा सांगते. तो जुन्या वर्तमानपत्रांच्या फायलींत शोधतो आहे. जानेवारी १९७३ पर्यंत आलो आहे.