क्यूसाठी भिंतीवरचा रॅक

प्रश्न : घरी पूल टेबल घेतलं आहे. सहा क्यूंसाठी भिंतीवर लाकडी रॅक करायचा आहे. सुताराला मापं काय सांगू?

उत्तर : पूलची क्यू साधारण ५८ इंच लांब असते, बुडाशी सव्वा इंच जाड, टोकाशी जेमतेम अर्धा. म्हणून खालची आणि वरची पट्टी वेगळी करावी लागते. दोन्ही २० इंच लांब घ्या, म्हणजे तीन-तीन इंचांवर सहा क्यू बसतात.

खालच्या पट्टीत दीड इंच व्यासाचे खळगे पाडा, पण आरपार नकोत. तळाशी फेल्ट चिकटवा. वरची पट्टी तिच्यापासून ४५ इंचांवर येईल. तिथे क्यू बरीच निमुळती झालेली असते. पट्टीच्या कडेपासून इंचभर आत २० मिलिमीटरची भोकं पाडायची, मग करवतीने कडेपर्यंत दोन काप घेऊन तोंड मोकळं करायचं. नुसत्या करवतीने खाच कोरायला गेलात तर सागाचीही चिपली उडते. खाचेत फेल्ट लावाच, नाहीतर पॉलिशवर चरे पडतात.

भिंतीवर बसवताना ओळंबा सोडा. वरची खाच खळग्याच्या बरोबर डोक्यावर हवी. महिनोन्‌महिने तिरकी टेकलेली क्यू वाकते, आणि वाकलेली सरळ करण्याच्या युक्त्यांवर माझा फारसा विश्वास नाही. पावसाळ्यात ओल धरणारी भिंत टाळा. खडूसाठी खालची पट्टी थोडी रुंद ठेवलीत तर उत्तम.