केमोथेरपी, किडनी आणि हळदीच्या गोळ्या

प्रश्न : माझ्या वडिलांची सिस्प्लॅटिनची केमोथेरपी सुरू होणार आहे. या औषधाने किडनीला इजा होऊ शकते, असं डॉक्टर म्हणाले. हळदीच्या गोळ्या आणि आवळ्याचा रस दिला तर किडनी वाचेल का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : तुमच्या विचारामागे शास्त्र आहे, पण त्याचा भक्कम पुरावा अजून उंदरांपुरताच आहे. सिस्प्लॅटिन किडनीच्या सूक्ष्म नलिकांमधल्या पेशींत साचतं. तिथे फ्री रॅडिकल्स वाढतात आणि पेशी मरू लागतात. हळदीतलं कर्क्युमिन आणि कांद्यातलं क्वेर्सेटिन यांनी उंदरांमध्ये ही हानी कमी केली. मात्र तिथे मात्रा मोठी असते. माणसाच्या आतड्यातून कर्क्युमिन रक्तात फारच थोडं उतरतं.

शिवाय हळदीसारख्या अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या कर्करोगाच्या पेशींनाही वाचवतील, ही शंका आहेच. हळदीच्या गोळ्यांनी लघवीतलं ऑक्झलेट वाढतं, तेही किडनीला जाचक.

म्हणून भाजी-आमटीतली हळद किंवा जेवणातली आवळ्याची फोड चालेल. गोळ्या, अर्क, काढे मात्र कर्करोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय देऊ नका. किडनीचं खरं रक्षण होतं ते केमोच्या आधी आणि नंतर दिलेल्या सलाइनने, गरजेप्रमाणे मॅग्नेशियमने आणि प्रत्येक फेरीआधीच्या क्रिएटिनिन तपासणीने. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेनसारखी वेदनाशामकं मनाने देऊ नका. उलट्यांमुळे पाणी पोटात ठरत नसेल किंवा लघवी कमी झाली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा.