ऐकणाऱ्याची शिस्त

विजय तेंडुलकरांचे 'मित्राची गोष्ट' हे नाटक १९८१ साली रंगभूमीवर आले. त्याची नायिका सुमित्रा ऊर्फ मित्रा ही महाविद्यालयात शिकणारी तरुणी आहे. आपले मन पुरुषाकडे नव्हे, तर स्त्रीकडे ओढ घेते हे तिला उमगले आहे, आणि हे ती सांगते बापू नावाच्या एका बुजऱ्या वर्गमित्राला. या नाटकाची चर्चा बहुधा मित्राभोवती फिरते आणि ते स्वाभाविकच आहे. मला मात्र ते वाचल्यापासून बापूचा विचार सोडवत नाही. बापू भला मुलगा आहे. मित्राविषयी त्याला मनापासून माया आहे. परंतु तिने सांगितलेल्या गोष्टीचे करावयाचे काय, हे त्याला कोणीच शिकविलेले नाही. अखेरीस मित्रा स्वतःचा अंत करून घेते आणि बापूजवळ तिची गोष्ट तेवढी उरते.

हा विचार का सोडवत नाही, तेही सांगितले पाहिजे. वसतिगृहात माझ्या खोलीत राहणाऱ्या एका मित्राने एके रात्री मला आपण समलिंगी असल्याचे सांगितले. कोणाला बोलणार नाही, असा शब्द मी दिला. पुढचे काही दिवस तो जेवेना, वर्गात येईना. मी घाबरलो, आणि त्याच्या भल्यासाठी म्हणून त्याच्या थोरल्या भावाला फोन करून सर्व सांगितले. तिसऱ्या दिवशी भाऊ आणि वडील आले, सामान बांधले आणि त्याला घेऊन गेले. जाताना त्याने माझ्याकडे पाहिले नाही. त्या वर्षी तो परीक्षेला बसला नाही. मी वाईट हेतूने काही केले नव्हते, हे मी स्वतःला पुष्कळदा बजावले आहे. त्याने काही फरक पडत नाही.

ज्यांचे कामच अशा मुलांचे ऐकून घेणे हे आहे, ते लोक नेमके काय करतात, हे जाणून घ्यावे असे त्यानंतर वाटू लागले. समलिंगी, उभयलैंगिक, ट्रान्सजेंडर अशा तरुणांसाठी चालणाऱ्या साहाय्य केंद्रांतील कार्यकर्त्यांचे काम हा या लेखाचा विषय आहे. या तरुणांचा उल्लेख हल्ली एलजीबीटीक्यू या आद्याक्षरांनी केला जातो. केवळ चांगुलपणा या कामाला पुरत नाही, त्याला शिस्त लागते आणि ती शिस्त टिकविण्यास संस्था लागते, एवढेच मला मांडावयाचे आहे.

न्यूयॉर्कचा आरंभ

अशा कामाचा एक जुना व नोंदलेला आरंभ न्यूयॉर्क शहरात सापडतो. तेथील संस्थापकांनी कामामागचा विचारही लिहून ठेवला असल्यामुळे ते उदाहरण प्रथम घेतो. १९७९ साली एमरी हेट्रिक हे मनोविकारतज्ज्ञ आणि डॅमियन मार्टिन हे प्राध्यापक यांच्या कानी एक हकीकत आली. पंधरा वर्षांचा एक बेघर मुलगा निवाऱ्यात राहत होता. तो समलिंगी आहे म्हणून त्याला मारहाण झाली, आणि मारणाऱ्यांना सोडून त्यालाच बाहेर काढण्यात आले. हेट्रिक आणि मार्टिन हे आयुष्याचे जोडीदार होते. त्यांनी समविचारी मंडळींना जमवून अशा मुलामुलींच्या संरक्षणासाठी संस्था स्थापन केली. हीच संस्था पुढे हेट्रिक-मार्टिन इन्स्टिट्यूट या नावाने ओळखली जाऊ लागली.

कार्यकर्ते कामाला लागले तेव्हा त्यांना एक गोष्ट दिसली. शाळेच्या वेळात शाळेत असावयास हवीत ती मुले दिवसाढवळ्या केंद्रात येऊन बसत होती. चिडवणे आणि मारणे यांना कंटाळून त्यांनी शाळा सोडली होती. यातून १९८५ साली ग्रीनिच व्हिलेज भागातील एका चर्चच्या इमारतीत सुमारे वीस विद्यार्थ्यांची शाळा सुरू झाली. तिच्या उभारणीत जॉयस हंटर या समाजकार्यकर्तीचा मोठा वाटा होता. शाळेला नाव दिले ते सॅन फ्रान्सिस्कोचे लोकप्रतिनिधी हार्वे मिल्क यांचे. मिल्क उघडपणे समलिंगी होते आणि १९७८ साली त्यांचा खून झाला होता.

या शाळेवर टीकाही झाली. मुलांना वेगळे काढणे म्हणजे नवी अस्पृश्यता नव्हे काय, असा आक्षेप घेतला गेला. आक्षेप खोटा नाही. परंतु ज्या मुलाला नेहमीच्या शाळेत जाताच येत नाही, त्याच्यापुढे वेगळी शाळा की सर्वांची शाळा अशी निवड नसतेच. एक तर ही शाळा, नाही तर रस्ता, अशी त्याची निवड असते.

एकटेपणाचे तीन प्रकार

१९८७ साली हेट्रिक आणि मार्टिन यांनी आपल्या अनुभवावर लेख लिहिला. केंद्रात येणाऱ्या मुलांचे सर्वांत मोठे दुखणे एकटेपणाचे आहे, असे त्यांनी त्यात नोंदविले आणि या एकटेपणाचे तीन भाग पाडले. ज्ञानाचा एकटेपणा म्हणजे आपण काय आहोत याची खरी माहितीच नसणे. सामाजिक एकटेपणा म्हणजे आपल्यासारखे कोणी भेटतच नाही. आणि भावनेचा एकटेपणा म्हणजे चार माणसांत बसूनही सतत सावध राहावे लागणे.

मार्टिन यांचा आणखी एक मुद्दा मला फार मोलाचा वाटतो. अन्य अल्पसंख्य समाजांतील मूल बाहेर अपमान सोसून घरी येते, तेव्हा घरात तोच अपमान सोसलेली माणसे असतात. तो कसा झेलावा हे ती माणसे मुलाला शिकवितात. समलिंगी मुलाला मात्र घरातही परक्यासारखे वावरावे लागते. आपल्याकडे दलित कुटुंबातील मुलाला शाळेत कोणी जातीवरून बोलले, तर आईला ते सांगता येते. आईला तो घाव ठाऊक असतो. माझ्या मित्राने आईला काय सांगावयाचे होते, आणि कोणत्या शब्दांत?

शब्दांचा प्रश्न मराठीच्या विद्यार्थ्याने विशेष ध्यानात घ्यावा. या विषयासाठी आपल्या रोजच्या बोलीत बव्हंशी शिव्याच आहेत. 'समलिंगी' हा शब्द पुस्तकी. तो घरात कोणी उच्चारत नाही. ज्ञानाचा एकटेपणा म्हणतात तो हाच. स्वतःविषयी बोलावयास ज्याच्याजवळ केवळ शिवी आहे, त्याने बोलावे तरी कसे? म्हणून केंद्रातील कार्यकर्त्याचे पहिले काम सल्ला देण्याचे नसते. समोरच्याला लाज वाटणार नाही असे शब्द त्याच्या हाती देणे, येथून त्याची सुरुवात होते.

कामाची रीत

या कामाची जी रीत सर्वत्र रूढ झाली आहे, तिच्यातील काही गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट म्हणजे गुपित हे सांगणाऱ्याच्या मालकीचे असते. कार्यकर्त्याने ते आईवडिलांना, शिक्षकांना, मित्रांना सांगावयाचे नाही, भल्यासाठीही नाही. फोन मध्येच तुटला तर परत फोन करावा की नाही, हे आरंभीच विचारून घ्यावयाचे. कारण पलीकडे फोन वडिलांनी उचलला तर काय अनर्थ होईल ते सांगता येत नाही.

दुसरी गोष्ट, समोरच्याला नाव द्यावयाचे नाही. मुलगा गोंधळलेला असेल तर 'तू अमुक आहेस' असा निकाल कार्यकर्ता देत नाही. त्याला जितका वेळ हवा असेल तितका मिळाला पाहिजे. तसेच 'घरी सांगून टाक, मोकळा होशील' असेही म्हणावयाचे नाही. घरी सांगितल्यावर फी कोण भरणार, राहावयाचे कोठे, बाजू घेणारे घरात कोणी आहे काय, हे आधी पाहावे लागते.

तिसरी गोष्ट मला अनपेक्षित होती. समोरच्याच्या मनात जीव देण्याचा विचार येत असेल अशी शंका आली, तर ते सरळ शब्दांत विचारावयाचे. विचारल्याने तो विचार मनात रुजतो ही समजूत चुकीची आहे. उलट विचारल्याने बोलणे मोकळे होते, असे या विषयातील जाणकार सांगतात. मी माझ्या मित्राला हे विचारले नव्हते. मी त्याच्या भावाला विचारले.

चौथी गोष्ट म्हणजे मर्यादा आधी सांगावयाची. जीव धोक्यात असेल, तर गुप्ततेला मर्यादा पडते. समोरची व्यक्ती १८ वर्षांखालील असून तिच्यावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले, तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे ते कळविणे बंधनकारक आहे. म्हणून चांगला कार्यकर्ता 'मी कधीच कोणाला सांगणार नाही' असे वचन देत नाही. केव्हा सांगावे लागेल हे तो प्रथमच सांगतो, आणि सांगावे लागलेच तर आधी त्या व्यक्तीशी बोलतो. माझा शब्द मोठा होता, आणि तो आठ दिवसही टिकला नाही. त्याचा शब्द लहान असतो, पण तो पाळला जातो.

आणि पाचवी गोष्ट, ऐकणाऱ्यालाही कोणी तरी लागते. दिवसभर अशा हकीकती ऐकून माणूस खचतो. त्यातून कार्यकर्ता स्वतः त्याच समाजातील असेल, तर दुसऱ्याच्या दुःखात त्याला आपलेच दुःख भेटते. म्हणून सुव्यवस्थित केंद्रांत कार्यकर्त्यांनी अनुभवी व्यक्तीपाशी बसून आपले मन मोकळे करण्याची आणि आपल्या चुका तपासण्याची सोय असते. मी एकट्याने घाबरून निर्णय घेतला. तेथे असा निर्णय एकट्याने घेतला जात नाही.

आपल्याकडील काम

महाराष्ट्रात या कामाला तीन दशके होऊन गेली आहेत. १९९० साली अशोक राव कवी यांनी 'बॉम्बे दोस्त' हे नियतकालिक काढले, आणि १९९४ साली मुंबईत हमसफर ट्रस्टची स्थापना झाली. पुण्यात २००२ साली बिंदुमाधव खिरे यांनी समपथिक ट्रस्ट सुरू केला. खिरे यांनी 'पार्टनर' ही कादंबरी आणि याच विषयावरील अन्य पुस्तके मराठीत लिहिली. शब्दांच्या ज्या टंचाईविषयी वर लिहिले, तिच्यावरचा हा आपल्या भाषेतील उपाय होय. टाटा समाजविज्ञान संस्थेने २०१२ साली 'आयकॉल' ही दूरध्वनीवरील समुपदेशन सेवा सुरू केली. २०१७ साली तर मुंबईत पालकांनीच पालकांसाठी 'स्वीकार' नावाचा गट काढला. जी गोष्ट कार्यकर्त्याने शंभरदा सांगून आईला पटत नाही, ती दुसऱ्या आईने एकदा सांगितली की पटू शकते.

या कार्यकर्त्यांना दीर्घकाळ कायद्याचीच भीती होती. २००१ साली लखनौ येथे भरोसा ट्रस्ट आणि नाझ फाउंडेशन इंटरनॅशनल या संस्थांच्या कचेऱ्यांवर छापे पडले. एचआयव्ही प्रतिबंधाचे काम करणाऱ्या चार कार्यकर्त्यांना अटक झाली आणि सुमारे दीड महिना तुरुंगात काढावा लागला. माहितीपत्रके वाटणे हाच तेथे पुरावा ठरला. भारतीय दंड संहितेच्या ज्या ३७७ कलमाचा तेथे आधार घेतला गेला, ते प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरते दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ साली बाद ठरविले, सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली पुन्हा लागू केले, आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयानेच ते तेवढ्यापुरते रद्द केले.

यानंतरची एक घटना मला या साऱ्या विषयाचे सार वाटते. घरून विरोध झाल्यामुळे मदुराईच्या दोन तरुणी चेन्नईला गेल्या, आणि तेथे स्वयंसेवी संस्थेने त्यांना आधार दिला. प्रकरण मद्रास उच्च न्यायालयात गेले. या विषयाचे आपले ज्ञान अपुरे आहे, असे न्यायमूर्ती आनंद व्यंकटेश यांनी मोकळेपणाने मान्य केले, आणि निर्णय देण्याआधी ते स्वतः एका मानसशास्त्रज्ञापाशी शिकावयास बसले. ७ जून २०२१ च्या आदेशात त्यांनी अशा जोडप्यांना पोलिसांच्या जाचापासून संरक्षण देण्याविषयी आणि त्यांना मदत करणाऱ्या संस्थांविषयी सूचना दिल्या. समलिंगी व्यक्तीला 'बरे' करण्याच्या तथाकथित उपचारांना त्यांनी मनाई केली. पुढे २०२२ साली राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानेही असे उपचार हे डॉक्टरचे व्यावसायिक गैरवर्तन होय, असे कळविले. उच्च न्यायालयाचा न्यायमूर्ती शिकावयास बसू शकतो, तर आपण विद्यार्थ्यांनी आणि प्राध्यापकांनी बसण्यास हरकत कोणती?

समारोप

बापूचा दोष होता असे मला वाटत नाही. त्याच्या हाताशी कोणी नव्हते. आज आहे, परंतु आपल्या महाविद्यालयात ते कोणाला ठाऊक नाही. यास्तव दोन साध्या सूचना करतो. शासनाची 'टेली मानस' ही मानसिक आरोग्याची मोफत दूरध्वनी सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. तिचा १४४१६ हा क्रमांक आणि आयकॉलसारख्या सेवांची माहिती वसतिगृहाच्या व ग्रंथालयाच्या सूचनाफलकावर कायमची लावावी. आणि वर्षाच्या आरंभी वसतिगृहातील विद्यार्थ्यांसाठी व अधीक्षकांसाठी एखाद्या जाणकार कार्यकर्त्याचे व्याख्यान ठेवावे. मित्राने काही सांगितले तर काय करावे, आणि मुख्य म्हणजे काय करू नये, हे त्यांनी सांगावे. कोणाला किती उपयोग झाला हे कळणार नाही, कारण ज्याला उपयोग होईल तो येऊन सांगणार नाही. या कामाचे स्वरूपच तसे आहे.

ज्या मित्राची हकीकत वर आली आहे, त्याचे नाव, गाव, वर्ष मी येथे दिलेले नाही. ओळख पटेल असे तपशीलही बदलले आहेत. तो कोण हे कृपया कोणी मला विचारू नये. एकदा मोडलेला शब्द निदान यापुढे तरी पाळावयाचा आहे.