सरळ वर जाणाऱ्या विमानाला फ्लॅप कशाला?

प्रश्न : गोव्यात दाबोळीला लहानपणी सी हॅरियर जागच्या जागी वर उचललेलं पाहिलं होतं. जे विमान असं सरळ वर जातं, त्याला पंखांच्या फ्लॅपची गरजच काय?
– एक वाचक, सलवा (कुवेत)

उत्तर : सरळ वर जाताना गरज नसतेच, तुम्ही बरोबर हेरलंत. पंखाच्या मागच्या कडेचा हा भाग खाली झुकला की पंखाचा बाक वाढतो आणि कमी वेगातही उचल (पगारावरची नव्हे!) जास्त मिळते. पण त्यासाठी पंखावरून वारा वाहायला हवा. जागेवरच्या विमानाला तो कुठून मिळणार? तिथे सगळा भार इंजिनाच्या झोतावर.

गंमत अशी, की मोहिमेवर निघताना सी हॅरियर सहसा सरळ वर जात नसे. भरपूर इंधन आणि शस्त्रं घेऊन तसं चढणं इंजिनाला झेपत नाही. म्हणून ‘विराट’ या विमानवाहू युद्धनौकेच्या डेकवर थोडं धावून पुढच्या 12 अंशांच्या चढावरून झेप घ्यायची, आणि हलकं होऊन परतल्यावर सरळ खाली उतरायचं. या धावण्यात फ्लॅप कामाला येतात. हॅरियरचाच अमेरिकी अवतार, एव्ही-8बी, सरळ वर जाताना जेमतेम साडेनऊ टन पेलतो. धावून निघाला तर 14 टन. त्याचे फ्लॅप मुद्दाम मोठे केले आहेत आणि झोताची तोंडं खाली वळतात तसे तेही झुकतात. 1991 साली कुवेतच्या मुक्तीसाठी हीच विमानं लढली. उन्हाळ्यात तर धावणं आणखीच गरजेचं, कारण तापलेल्या विरळ हवेत इंजिनाचा जोर घटतो. तुमच्याकडे मित्रिबाहला 21 जुलै 2016 रोजी 53.9 अंश तापमान नोंदलं गेलं होतं.

सरळ वर जाणाऱ्याच ऑस्प्रे या विमानात फ्लॅपचं काम नेमकं उलटं. वर फिरणाऱ्या मोठ्या पात्यांचा वारा पंखावरच आदळून विमानाला खाली दाबतो. मग फ्लॅप जवळजवळ उभे सोडतात, म्हणजे वाऱ्याच्या वाटेतला पंख अरुंद होतो. मला तरी फ्लॅपचा हा सगळ्यात हुशार उपयोग वाटतो.

दाबोळीचे सी हॅरियर मे 2016 मध्ये निवृत्त झाले. पण फ्लॅपची करामत तुमच्याकडेही पाहता येईल: कुवेत हवाई दलाकडे 2014 पासून सी-17 हे मालवाहू विमान आहे. ते सरळ वर जात नाही, मात्र त्याच्या इंजिनांचा झोत थेट फ्लॅपवर सोडलेला असतो, म्हणून एवढं धूड आखूड धावपट्टीवर उतरतं. विमानतळाकडे उतरताना दिसलं, तर इंजिनांच्या मागे नजर टाका.