तिथल्या चामखिळी: उपचार कोणता घ्यावा?

ताई, लघवीच्या जागी फुलकोबीसारखे कोंब आले तर लाजेनं अंगावर काढू नका. एचपीव्ही विषाणूच्या ६ आणि ११ या प्रकारांमुळे बहुधा या चामखिळी येतात.

इमिक्विमॉड मलम डॉक्टरांनी लिहून दिलं तर घरीच लावता येतं, आठवड्यातून तीन रात्री. पण १६ आठवडेही लागू शकतात. जाळून काढल्या तर बहुधा एका बैठकीत काम होतं, भूल मात्र द्यावी लागते. गोठवायचं तर दवाखान्याच्या फेऱ्या आल्या. बुडणारी मजुरीही हिशेबात धरा.

पोटुशी असाल तर आधी सांगा. मग घरचं मलम नको. डॉक्टर टीसीए लावतात किंवा गोठवतात. पायाच्या कुरुपाचं औषध, चुना तिथे कधीच लावायचा नाही!

चामखीळ गेली तरी विषाणू राहू शकतो, ती परत येऊ शकते. त्यात बाईचा दोष नाही. नवऱ्यालाही तपासणीला न्या. जिल्हा रुग्णालयातल्या सुरक्षा क्लिनिकमध्ये तपासणी मोफत होते.