दवंडी ते व्हॉट्सअ‍ॅप

आमच्या गावात पूर्वी दवंडी पिटली जाई, असे आजोबा सांगतात. दवंडी देणारा साऱ्यांच्या ओळखीचा; बातमी खोटी निघाली तर त्याला चावडीवर जाब विचारता येई. वृत्तपत्रावरही संपादक, मुद्रक व प्रकाशक यांची नावे असतात. म्हणजे छापील शब्दाला कोणी धनी असतो.

व्हॉट्सअ‍ॅपवर मात्र मजकूर पुढे पाठवला, की मूळ लिहिणाऱ्याचे नाव गळते आणि पाठवणाऱ्या ओळखीच्या माणसाचे नाव तेवढे दिसते. त्या माणसावरचा विश्वास मग मजकुरावर बसतो. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेतून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या ५ जणांना ठार मारले. त्याच महिन्यात कंपनीने भारतात एक मजकूर एका वेळी ५ ठिकाणीच पुढे पाठवता येईल, अशी मर्यादा जाहीर केली. परंतु अफवेला पाच घरेही पुरतात.

मीही याला अपवाद नाही. गेल्या वर्षी शिष्यवृत्तीची मुदत वाढल्याचा संदेश मी खातरजमा न करता वर्गाच्या ग्रुपवर टाकला. तो खोटा होता. एका मैत्रिणीचा अर्ज राहून गेला. संदेश मी लिहिला नव्हता, पण तिने विश्वास ठेवला तो माझ्यावर.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. आई मोबाईल पुढे करून विचारते, "हे खरं का गं?" आता मी आधी मूळ सूचना शोधते, मगच उत्तर देते. दवंडी आपल्या प्रत्येकाच्या हाती आली आहे. तेव्हा जाबही आपणच द्यायला हवा.