गाडीच्या पोटाखालची हवा

गाडीचं पोट पत्र्यांनी बंद करायची ही कृती ट्रॅकवर न्यायच्या स्पोर्ट्‌स कारसाठी आहे. घोडबंदर रोडच्या खड्ड्यांत किंवा डोंबिवलीच्या गतिरोधकांवर असं खालून बंद केलेलं पोट पहिल्याच दिवशी फाटेल. शिवाय आरसीवरच्या नोंदींशी न जुळणारा फेरफार मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये बसत नाही. रोजच्या वापराची गाडी असेल तर आधी आरटीओत विचारा.

गाडीखालच्या अरुंद जागेतून हवा वेगाने गेली की तिथला दाब उतरतो आणि गाडी रस्त्याकडे ओढली जाते. याच जोरावर १९७८ मध्ये लोटस ७९ मधून मारिओ आंद्रेत्ती फॉर्म्युला वनचा विजेता झाला.

चालक बसवा, टायरची हवा तपासा आणि सपाट फरशीवर पुढची-मागची उंची मोजून लिहून ठेवा. पुढचं टोक किंचित खाली हवं. मग गाडीच्या पोटाच्या मापाचे पुठ्ठ्याचे साचे कापा. त्यावरून ३ मिमीचा एसीपी (अॅल्युमिनियम कॉम्पोझिट) पत्रा कापायचा; साइनबोर्डवाल्यांकडे तो मिळतो. त्याचा प्लास्टिकचा गाभा पेटतो, म्हणून सायलेन्सरजवळ साधा अॅल्युमिनियमचा पत्राच लावा. पत्रे कौलांसारखे एकावर एक चढवा, पण पुढच्याची मागची कड मागच्याच्या खाली यायला हवी, नाहीतर वारा सांध्यात शिरतो. ऑइल काढायला झाकण ठेवा. पत्रे चासीलाच बोल्टने आवळा, बंपरला नाही.

खरं काम मागच्या डिफ्युझरचं, म्हणजे मागे वर चढत जाणाऱ्या पत्र्याचं. बरेच जण आधी पुढे स्प्लिटर, म्हणजे बंपरखालून पुढे येणारी आडवी फळी, लावतात. त्याने पुढची पकड वाढते आणि वेगात मागची बाजू सुटते. म्हणून सुरुवात मागून करा. मागच्या आसाजवळून पत्रा सुमारे ८ अंशांनी वर न्या: ६० सेंमी लांबीत साधारण साडेआठ सेंमी. सुरुवातीला कोपरा नको, हलका बाक द्या. कोन वाढवायचा मोह आवरा. तो फार झाला की हवा पत्र्याला सोडते आणि फायदा संपतो. आतून उभ्या पट्ट्या लावा.

आता डिफ्युझरला लोकरीचे छोटे धागे चिकटवा, मागे कॅमेरा बांधा आणि गाडी ट्रॅकवर न्या. विद्यार्थ्यांची फॉर्म्युला भारत स्पर्धा जिथे होते, तो कोइमतूरचा कारी मोटर स्पीडवे अशा कामाला योग्य. धागे सरळ मागे वळले तर हवा चिकटली आहे. गरगरले तर कोन कमी करा. वेग ताशी ६० किमीवरून १२० वर गेला की गाडीला खाली ओढणारा जोर चौपट होतो, म्हणून वेग टप्प्याटप्प्याने वाढवा. पत्रा घासला तर गाडी उचला. फार खाली आणली तर हवेची वाट कोंडते आणि पकड अचानक जाते.

प्रत्येक फेरीनंतर बोल्ट आवळा आणि सायलेन्सरजवळचा पत्रा करपलाय का ते पाहा.